विद्यार्थ्याचा अपराध आणि न्यायाची रीत

व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून गैरवर्तन घडले, तर त्याचा निवाडा कसा व्हावा, हा प्रश्न वरकरणी आपल्या कक्षेबाहेरचा वाटतो. त्यासाठी प्राचार्य आहेत, चौकशी समिती आहे, विद्यापीठाचे नियम आहेत. परंतु पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना हा प्रश्न टाळता येत नाही. मये येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय येथेही या तालुक्यांतील मुले-मुली जातात. या भागात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. तरीही अडचणीत सापडलेला पालक ‘पाद्रींना विचारून पाहू’ म्हणून आपल्या दाराशी येतो, तेव्हा तो कोणत्या धर्माचा आहे हे आपण विचारीत नाही. शिवाय आपल्यापैकी अनेकांकडे शाळांची, वसतिगृहांची व प्रशिक्षण केंद्रांची जबाबदारी असते. तेथे तर निवाडा करणारे आपणच असतो.

पुढील विवेचन कोणत्याही विशिष्ट संस्थेला उद्देशून नाही. चौकशीत न्याय राखण्यासाठी कोणती पथ्ये पाळावीत आणि त्यांस धर्मशास्त्राचा आधार कोणता, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

अपराधाचे स्वरूप

व्यावसायिक शिक्षणातील असत्य परीक्षागृहातच संपत नाही. परिचर्येची विद्यार्थिनी रुग्णाचा ताप न मोजताच तक्त्यावर आकडा लिहिते, किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी जागेवर न जाता मोजमापाची वही मित्राच्या वहीवरून भरतो, तेव्हा त्या सवयीचे ओझे पुढे एखाद्या रुग्णाच्या प्राणावर किंवा पुलाखालून जाणाऱ्या माणसांवर पडते. म्हणून ‘पोर आहे, सोडून द्या’ ही दया अपुरी ठरते. ज्यांना आपण कधी पाहणार नाही अशा लोकांचाही त्या निवाड्यात वाटा असतो.

तथापि सर्व अपराध एका मापाने मोजता येत नाहीत. कॉपी, वाङ्मयचौर्य, खोटी नोंद, दुसऱ्याच्या नावाने परीक्षेस बसणे आणि रॅगिंग हे निरनिराळे अपराध आहेत. त्यांतील हेतूही निरनिराळे असतात. वाङ्मयचौर्याचेच उदाहरण घ्यावे. आपल्या भागातील अनेक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून होते. पाठ्यपुस्तकातील उत्तर शब्दशः लिहिणाऱ्या मुलाला शाळेत पूर्ण गुण मिळतात, पाठांतराची स्तुती होते. तोच मुलगा महाविद्यालयात इंग्रजीतून अहवाल लिहू लागला की पुस्तकातील परिच्छेद जसाच्या तसा उतरवतो, कारण त्या भाषेत स्वतःचे वाक्य रचण्याचे धैर्य त्याला नसते. काल ज्याला अभ्यास म्हटले, त्यालाच आज चोरी म्हणतात, हे त्याला कोणी समजावलेले नसते. येथे दोष नाही असे आम्ही म्हणत नाही. पण पैसे देऊन प्रबंध लिहवून घेणाऱ्याचा दोष आणि हा दोष एकच नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतही शोधप्रबंधासाठी अशी प्रतवारी आहे: साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, ४० टक्क्यांपर्यंत असल्यास ठरावीक मुदतीत सुधारित लेखन सादर करावयाचे, ६० टक्क्यांपर्यंत असल्यास एक वर्ष मनाई, आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द.

ऐकून घेणे

न्यायाचे पहिले पथ्य म्हणजे आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा न करणे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकता काढून घेतल्या होत्या. १७२३ साली न्यायालयाने त्या परत देवविल्या. त्या प्रसंगी एका न्यायाधीशाने एदेन बागेची आठवण दिली. परमेश्वर सर्वज्ञ असूनही त्याने आदामाला आधी हाक मारली, प्रश्न विचारले, उत्तर देऊ दिले, आणि मगच निर्णय सांगितला (उत्पत्ती ३). जे ठाऊक आहे तेही विचारावे, ही जर देवाची रीत, तर ज्यांना फारच थोडे ठाऊक असते अशा आपण ती कशी सोडावी? निकदेमाने परूश्यांपुढे हाच मुद्दा मांडला होता (योहान ७:५१).

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घनश्याम दास गुप्ता यांच्या खटल्यात हेच तत्त्व परीक्षा मंडळाला लागू केले. गैरप्रकाराचा ठपका ठेवून निकाल रद्द करणारी समिती न्यायदानासारखेच काम करीत असते. म्हणून विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असा तो निर्णय होता. चर्चच्या कॅनन विधीतही १७२० व्या कलमान्वये आरोपीला आरोप व पुरावा कळवून बचावाची संधी देणे बंधनकारक आहे.

व्यवहारात संधी देणे याचा अर्थ काय? आरोप लेखी व स्पष्ट असावा. ‘वर्तन समाधानकारक नाही’ एवढ्याने भागत नाही. पुरावा दाखवावा. उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत. ज्याने विद्यार्थ्याला पकडले, त्याने निवाडा करण्यास बसू नये. निर्णय कारणांसह लिहून द्यावा आणि त्यावर दाद कोठे मागता येते हेही सांगावे. मराठी घरातून आलेल्या मुलाला वा त्याच्या पालकांना इंग्रजी नोटीस कळली की नाही, हे पाहणेही या संधीतच मोडते.

साक्षीदारांविषयी दानीएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा (अध्याय १३) मार्गदर्शक आहे. दोन वडीलधाऱ्यांची प्रतिष्ठित साक्ष ऐकून सभेने तिला मृत्युदंड ठरविला. तरुण दानीएलाने दोघांना वेगवेगळे करून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, हे सारे कोणत्या झाडाखाली घडले? उत्तरे जुळली नाहीत आणि निरपराध स्त्री वाचली. साक्षीदाराचे वय व पद हा पुरावा नव्हे, हा त्या कथेचा धडा आहे.

परंतु ऐकून घेणे म्हणजे तक्रारदाराला आरोपीपुढे उभे करणे असे नेहमीच नाही. रांची येथील राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी १९७२ साली रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले. चौकशी समितीने मुलींच्या साक्षी आरोपींच्या अनुपस्थितीत घेतल्या. आरोपींना मात्र आरोप सांगून उत्तर देण्याची संधी दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ही पद्धत योग्य ठरविली. नैसर्गिक न्याय एकाच साच्याचा नसतो, आणि मुलींना धमकावले जाण्याचा धोका तेथे खरा होता. दुर्बळाचे संरक्षण आणि आरोपीचा बचाव या दोन्ही गोष्टी एकाच चौकशीत सांभाळता येतात, हे या खटल्यावरून दिसते.

कबुली आणि विश्वास

दुसरे पथ्य खास आपल्याशी संबंधित आहे. ज्याच्यापाशी अंतःकरण उघडावयाचे तो आणि ज्याने निवाडा करावयाचा तो, या दोन व्यक्ती भिन्न असल्या पाहिजेत. गुरुविद्यालयांविषयी चर्चने हे काटेकोरपणे ठरविले आहे. एकाच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन रेक्टरने ऐकू नये. विद्यार्थ्याने विशिष्ट प्रसंगी स्वेच्छेने मागितले तरच अपवाद (कलम ९८५). विद्यार्थ्याला दीक्षेसाठी स्वीकारावे की विद्यालयातून काढावे, हे ठरविताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे वा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत कधीही विचारू नये (कलम २४०). आरोपीवर गुन्हा कबूल करण्याचे बंधन नाही आणि त्याला शपथही घालता येत नाही (कलम १७२८).

या नियमांमागील शहाणपण सर्व संस्थांना उपयोगी आहे. रात्री कार्यालयात बोलावून, ‘लिहून दे, मग सारे मिटवू’ असे सांगून घेतलेली कबुली पश्चात्ताप नव्हे. तो भीतीचा दस्तऐवज होय. आणि एकदा का विश्वासाने बोललेला शब्द पुरावा म्हणून वापरला गेला, की पुढील दहा विद्यार्थी कोणाशीच बोलणार नाहीत.

पापनिवेदनाचे गुपित अभंग आहे. धर्मशिक्षकाच्या किंवा वसतिगृहप्रमुखाच्या विश्वासाला मात्र ते संस्काराचे कवच नाही. म्हणून त्याने ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊ नये. कोणाच्या जिवाला धोका असेल, रॅगिंग चालू असेल, किंवा मुलगा स्वतःचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर आपण गप्प राहू शकत नाही, हे त्याने प्रारंभीच सांगावे. असे सांगूनही जो बोलतो, त्याचा विश्वास आपण मोडीत नाही.

याच विषयाची एक बाजू वर्तणुकीच्या दाखल्याची आहे. ओळखीच्या मुलासाठी दाखला मागितला जातो. मागील प्रकार वगळावा अशी विनंती असते. एका गुरुविद्यालयातून काढलेल्यास दुसरीकडे घेताना आधीच्या वरिष्ठांचे, विशेषतः काढण्याच्या कारणाविषयीचे, निवेदन मिळविणे कलम २४१ ने आवश्यक केले आहे. सत्य दडवून केलेले उपकार पुढच्या संस्थेला फसवितात. त्याचबरोबर, ज्याने शिक्षा भोगून वर्तन सुधारले, त्याच्या दाखल्यात ती सुधारणाही तितक्याच स्पष्टपणे लिहावी. तेही सत्यच आहे.

शिक्षेचा हेतू

तिसरे पथ्य शिक्षेचे. कलम १३४१ प्रमाणे शिक्षेचे हेतू तीन आहेत: न्यायाची पुनःस्थापना, अपराध्याची सुधारणा आणि झालेल्या अनर्थाची भरपाई. शिक्षेचा प्रस्ताव पुढे आला की हे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. ज्याचे नुकसान झाले त्याला काय मिळाले? अपराधी यातून काय शिकेल? संस्थेवरचा लोकांचा विश्वास कसा सावरेल? खोटी नोंद करणाऱ्या विद्यार्थिनीला केवळ दंड केल्याने तिन्ही प्रश्न अनुत्तरित राहतात. ते संपूर्ण प्रशिक्षण देखरेखीखाली पुन्हा करावयास लावले तर तिन्हींना काही उत्तर मिळते.

ज्या वर्षी पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली, त्याच १८४२ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी स्वतः चालविण्याच्या सचोटीसंहितेचा प्रारंभ झाला. तिची शिक्षा पुढे दीर्घ काळ एकच राहिली, कायमची हकालपट्टी. २०२२ साली तेथील विद्यार्थ्यांनी मतदानाने हकालपट्टीऐवजी दोन सत्रांची रजा आणली आणि २०२३ साली अपराधानुरूप निरनिराळ्या शिक्षांची पद्धत स्वीकारली. शिक्षा एकच आणि ती अंतिम असली, की हळव्या मनाचे न्यायकर्ते दोषीलाही निर्दोष ठरवू लागतात. अतिकठोर नियमातूनच अशी शिथिलता उपजते.

संत पौलाने करिंथकरांना अपराध्याविषयी लिहिले, की बहुमताने दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:६-८). शिक्षेला शेवट असावा, हा त्याचा आशय. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेले, ज्याच्या शुल्कासाठी दागिने गहाण पडले, त्या मुलावर ‘आता घरी तोंड कसे दाखवू’ हे दडपण किती भयंकर असते, हे आपण जाणतो. निर्णय कळविण्याच्या दिवशी तो मुलगा एकटा खोलीवर परतणार नाही, एवढी व्यवस्था प्रत्येक संस्थेने केलीच पाहिजे. तेथे धर्मशिक्षकाची सोबत निवाड्याइतकीच मोलाची आहे.

रॅगिंगच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ‘एकांतात बोलून भावाला मिळवून घ्या’ हा मत्तय १८ चा उपदेश तेथे पीडिताच्या माथी मारू नये. समेट करण्यासाठी त्याला छळणाऱ्यापुढे बसविणे म्हणजे दुसरा छळच होय. २००९ च्या विनियमांनुसार तेथे संस्थेवर कारवाईचे बंधन आहे आणि गुन्हा घडला असल्यास पोलिसांकडे जावेच लागते. मात्र याच विनियमांत, दोषी सापडले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे, ती आमच्या मनाला खटकते. सदोमासाठी मध्यस्थी करणाऱ्या अब्राहामाचा प्रश्न, दुष्टांबरोबर नीतिमानाचाही नाश व्हावा काय, तेथे पुन्हा उभा राहतो. सर्रास कॉपी झालेल्या केंद्राची परीक्षा रद्द करणे वेगळे. त्यात कोणा एकावर ठपका नसतो, आणि १९७० साली बिहारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला. ठपका ठेवून शिक्षा करावयाची, तर ती व्यक्ती ओळखूनच करावी.

प्रतिज्ञा आणि घडण

शेवटी सचोटीच्या प्रतिज्ञेविषयी. प्रवेशाच्या दिवशी अनेक कागदांबरोबर एका प्रतिज्ञापत्रावरही सही घेतली जाते. ते कोणी वाचीत नाही. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीची संहिता प्रसिद्ध आहे. स्वतः लबाडी न करणे पुरेसे नाही, करणाऱ्याला खपवूनही घ्यावयाचे नाही, असे ती सांगते. तरीही १९७६ साली तेथे घरी करावयाच्या एका अभ्यासात दीडशेहून अधिक छात्र दोषी आढळले. चौकशी मंडळाने केवळ छात्रांना नव्हे, अकादमीलाही जबाबदार धरले आणि अनेकांना वर्षभरानंतर परत येऊ दिले. उत्तम शब्दांत लिहिलेली संहिता जगण्यात उतरली नाही, तर ती लपविण्याचीच कला शिकविते.

आपल्या प्रभूने शपथेपेक्षा साध्या ‘होय’ आणि ‘नाही’ला अधिक किंमत दिली (मत्तय ५:३७). ते ‘होय’ महाविद्यालयात प्रथमच शिकविता येत नाही. म्हणून धर्मशिक्षकांना आमची विनंती आहे, की दहावी-बारावीच्या मुलांच्या वर्गात वर्षातून एक तास याला द्यावा. दुसऱ्याचे लेखन वापरताना त्याचे नाव कसे लिहावे, न जमलेला प्रयोग ‘जमला नाही’ असे कसे नोंदवावे, मित्र कॉपी करताना दिसला तर प्रथम त्याच्याशी काय बोलावे आणि कधी वरिष्ठांना सांगावे, हे उदाहरणांनी समजावावे. आणि संस्था चालविणाऱ्यांनी पुढील वर्ष सुरू होण्यापूर्वी आपली नियमावली काढून तीन गोष्टी तपासाव्यात: आरोपीला ऐकण्याची निश्चित रीत तिच्यात आहे काय, विश्वासाने सांगितलेले निवाड्यापासून दूर ठेवले आहे काय, आणि शिक्षेला शेवट आहे काय. यांपैकी एक जरी नसेल, तर ते कलम आताच लिहून घ्यावे. प्रकरण उद्भवल्यावर लिहिलेला नियम कोणाला तरी पाहूनच लिहिला जातो.