फोटो सरळ करा, भिंत सरळ करू नका

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेले भाषण)



मागच्या पावसाळ्याआधी आमच्या गटानं गावातल्या जुन्या वाड्याचे फोटो काढायचं ठरवलं. वाड्याच्या मागच्या भिंतीलगत पोरांची शाळेची पायवाट आहे. त्या भिंतीची माती सुटली होती, दगड पुढं आले होते. ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा होता आणि अर्जाला फोटो जोडायचे होते. काम माझ्याकडे आलं, कारण गटात नवा फोन माझा.

मी भिंतीच्या कोपऱ्याशी उभं राहून फोटो काढला. घरी येऊन बघते तर भिंत तिरकी. मला वाटलं, माझाच हात वाकडा झाला. लेकीनं नुकतंच फोटो सरळ करायला शिकवलं होतं. मी बोटानं फोटो फिरवला, भिंत ताठ उभी केली, उजेड वाढवला आणि बैठकीत सगळ्यांना दाखवला. सगळ्या म्हणाल्या, छान आलाय. आमच्या अक्कांनी मात्र फोन डोळ्याजवळ धरला. त्यांनी वीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली काम केलंय. त्या म्हणाल्या, "आगं, हा लायटीचा डांब कवा कलला?"

डांब जागच्या जागी सरळ होता. कलली होती ती भिंत. मी भिंत सरळ केली, म्हणून फोटोतला डांब वाकडा झाला. जे पंचायतीला दाखवायचं होतं, तेच मी पुसून टाकलं होतं.

म्हणून आज दोन गोष्टी सांगते. जुन्या वास्तूचा फोटो सरळ आणि स्वच्छ कसा करायचा, आणि तो करताना वास्तूचं खरं दुखणं कसं झाकायचं नाही.

फोटो वाकडा का दिसतो?

वाकडेपणा दोन तऱ्हेचा असतो. पहिला सोपा. फोन हातात डावीकडे किंवा उजवीकडे कलला, की सगळाच फोटो कलतो. डोक्यावरची घागर एका बाजूला झुकावी तसा.

दुसरा जरा समजून घ्यायला हवा. देवळाजवळ उभं राहून कळस मावावा म्हणून आपण फोन वर करतो. मग फोटोत देऊळ मागे पडतंय असं वाटतं, दोन्ही बाजू वर जाताना जवळ येतात. सरळ रस्त्यावर उभं राहून लांब बघितलं, की रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जाऊन जुळल्यासारख्या वाटतात ना? तसंच आहे हे. वरचा भाग आपल्यापासून लांब, म्हणून तो लहान दिसतो. फोन ताठ धरला, तर उभ्या रेघा उभ्याच राहतात.

आधी पाय, मग बोट

निम्मी दुरुस्ती फोटो काढतानाच होते.

फोनची काच पदरानं पुसा. आपल्या फोनला पिठाचे, तेलाचे हात लागतात आणि मग फोटो धुरकट येतो.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' सुरू करा. पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतात. दाराच्या चौकटीची उभी बाजू त्यातल्या उभ्या रेघेशी जुळवा.

वास्तू आणि भोवतालची झाडं, डोंगर, नदी असं सगळं घ्यायचं तर फोन आडवा धरा. पण तो वर करू नका, चार पावलं मागे जा. खाली जमीन जास्त आली तर येऊ द्या, ती नंतर कापता येते. मागे जागाच नसेल, तर समोरच्या घराच्या माडीवरून फोटो काढा. तिथून वास्तू निम्म्या उंचीवरून दिसते आणि फोन वर करावाच लागत नाही. एक मात्र सांगते. मागे सरकताना आधी मान वळवून मागे बघा. बारवेच्या किंवा घाटाच्या काठावर तर फोनकडे बघत एक पाऊलही टाकू नका.

काही फोनमध्ये झूमच्या जागी ०.५ असा आकडा असतो. त्यानं खूप काही मावतं, पण कडेचे खांब ताणल्यासारखे दिसतात. जुन्या वास्तूला १ हाच आकडा बरा.

कळस, पायऱ्या, कोपरे फोटोच्या कडेला चिकटू देऊ नका. चारी बाजूंनी थोडी जागा सोडा. पोलक्याला शिलाईसाठी जादा कापड ठेवतो तसंच. फोटो फिरवला की त्याचे कोपरे कापले जातात, म्हणून ही माया लागते.

उजेडाचंही बघा. पुष्कळ देवळांचं तोंड पूर्वेला असतं, तेव्हा समोरचा फोटो सकाळी काढावा. नक्षीवर बाजूनं तिरपं ऊन पडलं की ती उठून दिसते. दुपारी बारा वाजता सगळं पांढरं तरी होतं नाहीतर काळं.

फोनवरची दुरुस्ती

बऱ्याच फोनमध्ये 'गूगल फोटोज' असतं. फोटो उघडून 'एडिट' आणि मग 'क्रॉप' दाबा. खाली मोजपट्टीसारखी रेघ येते. ती बोटानं हळूहळू सरकवली की फोटो फिरतो.

आता खरा प्रश्न. कशाला सरळ मानायचं? फोटोच्या मधोमध असलेला खांब किंवा दाराची चौकट बघा. कडेच्या रेघा फसवतात. नदीचा काठही फसवतो. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. 'स्वदेस' सिनेमात तुम्ही तो पाहिला असेल. अशा घाटाचा फोटो बाजूनं काढला, की पायऱ्यांच्या कडा लांब जाताना तिरक्या दिसणारच. त्या आडव्या करायला गेलात, तर देऊळ कलंडेल. तिथं देवळाचा मधला खांब धरा.

आणखी एक. जे मुळातच निमुळतं आहे, ते निमुळतंच राहू द्या. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर यादवकालीन. त्याचं शिखर वर जाताना बारीक होत जातं, ते बांधणाऱ्यांनीच तसं केलंय. गढीचे, किल्ल्याचे बुरूजही खाली रुंद आणि वर अरुंद असतात. त्यांच्या बाजू सरळ करत बसू नका. मंडपाचे खांब सरळ उभे आहेत ना, एवढंच बघा.

देऊळ मागे पडतंय असं दिसत असेल, तर 'स्नॅपसीड' नावाचं फुकट ॲप आहे. त्यात 'पर्स्पेक्टिव्ह' निवडा आणि बोट वर-खाली सरकवा. वरचा भाग रुंद होतो, बाजू उभ्या होतात. पण अगदी शेवटपर्यंत ताणू नका. नाहीतर देऊळ वरून जड आणि उंचच उंच दिसायला लागतं. थोडं मागे झुकलेलं चालतं, आपल्या डोळ्यालाही ते तसंच दिसतं.

मग फोटो कापा, आणि सगळ्यात शेवटी उजेड. 'शॅडोज' थोडं वाढवलं की सावलीतलं कोरीवकाम दिसतं. 'हायलाइट्स' थोडं कमी केलं की आभाळाचा भगभगीतपणा जातो. रंग वाढवायचं बटण शक्यतो लावूच नका. आपला काळा पाषाण काळाच शोभतो. तो निळसर किंवा राखाडी दिसायला लागला, तर हात जास्त पडला म्हणून समजा. मिठासारखं आहे हे, चिमटीनं घालायचं.

दुरुस्ती झाली की ती वेगळी प्रत म्हणून ठेवा. मूळ फोटो कधी पुसू नका. माझ्याकडे मूळ फोटो होता, म्हणूनच माझी चूक सापडली.

विहिरीचा फोटो

आता थोडं अवघड उदाहरण घेऊ. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. एका बाईनं उभारलेलं एवढं मोठं काम तीनशे वर्षं टिकलंय. अष्टकोनी विहीर, उतरायला पायऱ्या, मधे दगडी महाल.

काठावरून फोन खाली करून फोटो काढला, की भिंती खाली जाऊन जुळल्यासारख्या दिसतात. देवळाच्या अगदी उलट. त्यापेक्षा पायऱ्या उतरून खाली जावं आणि एका भिंतीच्या बरोबर समोर उभं राहावं. मग आपल्याला निसर्गाचीच लेव्हल मिळते. संथ पाणी कधी तिरकं उभं राहत नाही. समोरच्या भिंतीला पाणी जिथं टेकतं, ती रेघ आडवी केली की फोटो सरळ झाला. भिंत तिरपी समोर असेल, तर मात्र ही रेघ चालणार नाही.

खाली अंधार आणि वर लख्ख आभाळ असतं. पडद्यावर उजेडाच्या जागी बोट टेकवा, मग दगड फार पांढरे पडत नाहीत. सावली नंतर उजळता येते, पण पांढरा फटक पडलेला भाग परत आणता येत नाही.

कुठंही शिलालेख दिसला तर अक्षरात खडू, पीठ किंवा तेल भरू नका. त्यानं दगड खराब होतो. कुणाला तरी बाजूनं तिरपी बॅटरी धरायला सांगा, अक्षरं आपोआप उठतात.

ओळंबा लावा

आता पुन्हा आमच्या भिंतीकडे येते. अक्कांनीच उपाय सांगितला, "ओळंबा सोड की."

आम्ही भिंतीपासून लांब, धोका नाही अशा जागी एक बांबू रोवला आणि त्यावरून पांढऱ्या सुतळीला दगड बांधून सोडला. दगड हलायचा थांबला, मग कोपऱ्यावरून असा फोटो काढला की सुतळी आणि भिंत दोन्ही शेजारी दिसतील. घरी आल्यावर फोटो सरळ केला, पण सुतळीला धरून. सुतळी उभी झाली आणि भिंत किती बाहेर आलीय ते कुणी न सांगता दिसलं.

भिंत समोरून बघितली तर तिचा कल किंवा फुगा दिसत नाही. म्हणून एक फोटो समोरून आणि एक कोपऱ्यावरून घ्यायचाच. भेगेशेजारी मोजपट्टी किंवा पेन धरून एक जवळचा फोटोही घ्या, पण भिंत धोक्याची असेल तर जवळ जाऊ नका, लांबूनच झूम करा.

अशा फोटोंतून काहीही पुसायचं नाही. आता फोनमध्ये तारा, पत्रे, माणसं गायब करायची बटणं आली आहेत. दिनदर्शिकेसाठी फोटो हवा असेल तर हौस करा. पण अर्जाला, नोंदीला जोडायच्या फोटोत भेग, पिंपळाचं रोप, उडालेला चुना, सगळं जसंच्या तसं हवं. फोटोसोबत तारीख, जागा आणि कुठल्या बाजूनं काढला ते लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे बारकावे जात नाहीत. आणि वाडा कुणाच्या मालकीचा असेल, तर आधी त्यांना विचारा.

आमच्या अर्जाचं काय झालं, ते सांगते. फोटो बघून पायवाट दुसरीकडून वळवली आणि भिंतीला टेकू दिले. दुरुस्ती अजून व्हायची आहे. दर सहा महिन्यांनी आम्ही त्याच जागी बांबू रोवतो, सुतळी सोडतो आणि तसाच फोटो काढतो. दोन फोटो शेजारी ठेवले, की भिंत सरकली की नाही ते आम्हाला कळतं.

तुमच्या गावातही एखादी बारव, गढी किंवा देऊळ असेलच. या महिन्याच्या बैठकीनंतर चौघीजणी जा आणि फोटो काढून या. जाताना सुतळी आणि एक दगड न्यायला विसरू नका.