इटलीला जाताय? घाई घरी ठेवून जा!

'आठ दिवसांत सात शहरे!' असे एक रंगीत पत्रक आमच्या घरी महिनाभर टेबलावर पडून होते. निवृत्तीनंतर एकदा तरी युरोप पाहायचा असा आम्हां उभयतांचा जुना बेत. पैसे साठवलेले, तेही एकाच सफरीपुरते. सौ.ने एके दिवशी पेन्सिल घेतली आणि त्या पत्रकातल्या तासांचा हिशेब मांडला. बसमध्ये किती, हॉटेलात सामान बांधण्या-सोडण्यात किती, आणि प्रत्यक्ष शहरात किती. हिशेब पाहून ती म्हणाली, "अहो, एवढ्या पैशांत बसच बघायची असेल तर आपली स्वारगेटची काय वाईट आहे?"

पत्रक रद्दीत गेले. आम्ही तीन शहरे ठरवली: रोम चार रात्री, फ्लॉरेन्स चार, व्हेनिस दोन. जायचे आगगाडीने. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तासाच्या आसपास, तिथून व्हेनिस दोन तासांहून थोडे अधिक. या गाड्यांची तिकिटे आधी काढली की बरीच स्वस्त पडतात. साध्या गाडीचे कागदी तिकीट मात्र चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवून घ्यावा लागतो. नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड! मोटार भाड्याने घेण्याच्या फंदात पडू नका. या जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय मोटार नेता येत नाही, आणि कॅमेऱ्याने टिपलेला दंड तुम्ही घरी परतल्यावर मागाहून येतो.

रोमविषयी लोक सांगतात ते कलोसियम आणि व्हॅटिकन. ते पाहावेच, तिकिटे घरूनच काढून ठेवावीत आणि व्हॅटिकनचे संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी बंद असते हे ध्यानात ठेवावे. पण माझे मत विचाराल तर रोमचा खरा आनंद पँथिऑनमध्ये आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी सम्राट हेड्रियनच्या काळात बांधलेले हे देवालय. घुमटाचा व्यास ४३ मीटरांहून थोडा अधिक, जमिनीपासून उंचीही तेवढीच, आणि लोखंडाची एक सळई नसलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही. माथ्यावर मोठे गोल भोक, त्यावर ना काच ना झाकण. आम्ही आत होतो तेव्हा नेमकी सर आली. पावसाचा एक गोल खांबच वरून खाली उतरला! फरशीला किंचित उतार आणि बारीक भोके आहेत, त्यांतून पाणी निघून जाते. आपल्याकडच्या नव्या इमारतींचे गच्चीवरचे पाणी कुठे जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हे अवश्य पाहावे. २०२३ पासून इथे तिकीट लागते, पण ते फारसे महाग नाही.

तिथून चार पावलांवर सान लुईजी नावाचे चर्च आहे. आत कॅराव्हाज्जोची तीन मोठी चित्रे, अगदी फुकट. मायकेलअँजेलोचा मोझेसही असाच एका चर्चमध्ये बसलेला आहे, त्यालाही तिकीट नाही. मात्र चर्चे दुपारी बरेच तास बंद असतात, तेव्हा सकाळी जावे. उघडे खांदे आणि आखूड विजारी तिथे चालत नाहीत. साडीला कोणी अडवीत नाही; उलट दारावरच्या माणसाने सौ.ला वाकून नमस्कार केला, आणि मला माझी टोपी काढायला लावली.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार लोखंडी नळ अहोरात्र वाहत असतात, पाणी थंडगार आणि पिण्याजोगे. नळाचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छोट्या भोकातून कारंजे उडते आणि सरळ तोंडात येते. त्रेव्हीच्या प्रसिद्ध कारंज्याचे पाणी तर ख्रिस्तपूर्व १९ साली बांधलेल्या कालव्याच्या वाटेने आजही येते. कॉफी उभ्याने प्यावी. तीच कॉफी खुर्चीवर बसून, विशेषतः चौकात, कितीतरी महाग पडते. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे पैसे लावलेले दिसले तर भांडू नका; ती टेबलाची पट्टी, ती सर्वांनाच असते.

शाकाहारी मंडळींनी घाबरून मेथीचे ठेपले पोत्याने नेण्याची गरज नाही. टोमॅटोची पास्ता, मार्गेरीटा पिझ्झा, वांगी, पालक, घेवडा सगळे मिळते. 'सेंझा कार्ने, सेंझा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे पाठ करावे. एक गोष्ट मात्र काटेकोर पाळणाऱ्यांना सांगायला हवी: खऱ्या पार्मेझान चीजसाठी दूध फाडताना वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात. तेव्हा 'सेंझा फोर्माज्जो', म्हणजे चीज नको, हेही शिकून घ्यावे.

आता फ्लॉरेन्स. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेला तिथल्या कॅथेड्रलचा घुमट ४६३ पायऱ्या चढून पाहता येतो. सौ.चे गुडघे पाहता ती खाली चौकात बसली. मी धापा टाकीत वर गेलो. उतरलो तेव्हा तिची शेजारच्या बाकावरच्या एका इटालियन आजीबाईंशी विणकामावर चर्चा चालली होती, एकीला दुसरीची भाषा येत नसताना! उफित्सी चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असते. त्यात सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. बोत्तिचेल्लीच्या दालनात तासभर बसावे आणि बाहेर यावे. गल्ल्यांतून हिंडताना भिंतींवर डोक्यापेक्षा उंच छोट्या पाट्या दिसतात: ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी इथवर आले होते. पानशेतचा पूर पाहिलेल्या पुणेकराला त्या पाटीपुढे थांबावेसे वाटेल.

पण आमची फ्लॉरेन्सची सफर खरी होती ती एका वेगळ्याच जागेसाठी. सौ.चे माहेर कोल्हापूरचे. तिचे वडील लहानपणी तिला सांगत, आपले एक महाराज इटलीत वारले, आणि नदीकाठी त्यांची छत्री आहे. हे राजाराम महाराज. राजर्षी शाहू गादीवर आले त्याच्या आधीची ही गोष्ट. १८७० साली महाराज इंग्लंडला गेले, परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. हिंदू पद्धतीने दहन करायचे म्हणजे त्या शहराला अगदी अपरिचित गोष्ट; पण परवानगी मिळाली, आणि जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते त्या संगमावर रात्री चिता पेटली. परमुलखातही बरोबरच्या मंडळींनी संगम शोधून काढला!

काश्शीने नावाची बाग नदीच्या काठाने तीन किलोमीटरांहून लांब पसरली आहे, आणि छत्री तिच्या अगदी पश्चिम टोकाला. कोणतीही सहलीची बस तिथे जात नाही. वाटेत मुले सायकली फिरवीत होती, म्हातारी माणसे कुत्री घेऊन चालली होती. निम्म्या वाटेवर सौ.चे गुडघे बोलू लागले. "परत फिरू या का?" असे मी विचारले. तिने उत्तर दिले नाही, नुसती चालत राहिली.

झाडी संपली आणि समोर घुमटीखाली रंगीत अर्धपुतळा दिसला. डोक्यावर पागोटे, चेहरा कोवळा, आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलासारखा. १८७४ सालचे हे स्मारक. पुतळा चार्ल्स फुलर यांचा, आणि वरची छत्री मेजर मॅन्ट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. शेजारी आर्नोवर १९७८ चा मोठा पूल आहे. त्याचे नावच 'इंदियानो'चा पूल. रोज त्यावरून मोटारी हाकणाऱ्या कितीजणांना हा इंदियानो कोण हे ठाऊक असेल, कोण जाणे. सौ.ने चपला काढल्या, नमस्कार केला आणि कठड्याशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाबांना सांगायला हवं होतं." बाबा जाऊन अकरा वर्षे झाली.

त्या संध्याकाळी आम्ही दुसरे काही पाहिले नाही.

व्हेनिसबद्दल थोडक्यात. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की समोर रस्त्याऐवजी कालवा! टॅक्सीबोट खिसा रिकामा करते. 'व्हापोरेत्तो' म्हणजे पाण्यावरची बस, तिने जावे. सामान हलके हवे, कारण पुलापुलाला पायऱ्या आहेत. बेटावरच्या या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या घरात लोक राहत, २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्याही खाली गेली. घरे प्रवाशांना भाड्याने गेली आणि वाणी, शिंपी, चांभार ओघानेच उठले. २०२४ पासून ठराविक दिवशी नुसते दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मुक्कामाला राहणाऱ्यास ते माफ असते. म्हणून दोन रात्री तरी राहा, आणि भाजी-फळे कालव्याकाठच्या रियाल्तोच्या मंडईतून घ्या. तिथला भाजीवाला अजून गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो.

सान मार्कोच्या चौकात सकाळी सहाला जावे. झाडूवाले, दोन-चार कबुतरे आणि तुम्ही. नऊनंतर बोटी भरभरून लोक उतरू लागतात; तोवर तुम्ही खोलीवर परतून चहा टाकलेला असावा. इटलीतल्या लहान हॉटेलांत किटली बहुधा नसते, ती घरूनच न्या. चहाची पूडही. सौ.ने आले नेले होते, ते मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पुरले नाही.