डोळ्यासमोर ‘ऑब्जेक्ट’ येतोय का?

एफ.ई.ला पहिला दणका बहुतेकांना इंजिनिअरिंग ग्राफिक्सचा बसतो. बारावीपर्यंत ड्रॉइंगशी काही संबंध नसतो आणि इथे फ्रंट, टॉप, साइड व्ह्यू देऊन सरळ सांगतात, ‘आयसोमेट्रिक काढा’. शेजारचा काढून मोकळा होतो, आपण मिनी ड्राफ्टर सरकवत बसतो. मग मनात पक्कं बसतं : ‘आपल्याला दिसतच नाही. इंजिनिअरिंग आपला प्रांत नव्हे.’

वस्तू हातात न घेता ती मनातल्या मनात फिरवणं, कापणं, उलगडणं म्हणजे स्पेशिअल व्हिज्युअलायझेशन. गंमत म्हणजे हे मोजता येतं! १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर यांनी ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून विचारलं, ‘दोन्ही वस्तू एकच का?’ दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला जास्त वेळ लागला. जणू माणूस मनात ती वस्तू खरोखरच फिरवत होता.

याच धर्तीवर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ३० प्रश्नांची चाचणी तयार झाली. एक वस्तू कशी फिरवली ते दाखवायचं, दुसरी तशीच फिरवली तर कशी दिसेल ते पाच पर्यायांतून ओळखायचं. ‘मेंटल कटिंग टेस्ट’मध्ये वस्तू कापल्यावर दिसणारा छेद ओळखायचा असतो.

१९९३ मध्ये मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी आणि बेव्हर्ली बार्टमन्स यांनी नव्या ५३५ विद्यार्थ्यांची पर्ड्यू चाचणी घेतली. ९६ जणांना ६० टक्के किंवा त्याहून कमी गुण पडले. अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी खास कोर्स काढला : ठोकळे हाताळायचे, हाताने स्केचिंग करायचं. मुलांचे गुण वाढले आणि पुढे ग्राफिक्सही सोपं गेलं. सॉर्बींना स्वतःला शिकताना हाच विषय जड गेला होता, हे विशेष!

अशा चाचण्यांत मुलींचे सरासरी गुण कमी येतात. पण लहानपणी ठोकळे, मेकॅनो कुणाच्या हातात पडले, याचाही त्यात वाटा असतो. आणि सराव केला तर मुलं-मुली दोघंही सुधारतात. २०१३ साली २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातूनही हे कौशल्य सरावाने वाढतं हेच दिसलं.

आपल्याकडे हे कोण तपासतं? टर्मवर्कच्या मार्कांवरून कळेल म्हणावं, तर अर्ध्या शीट्स जी.टी. मारून पूर्ण होतात! त्यात रेघ किती स्वच्छ आहे ते कळतं, डोक्यात काय दिसलं ते नाही. सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात अर्ध्या तासाची चाचणी घेतली, तर कुणाला मदत हवी ते केटी लागायच्या आधीच कळेल. मात्र तिचे मार्क कुठे धरू नयेत. ती चाळणी नव्हे, थर्मामीटर आहे.

तोवर घरच्या घरी एक प्रश्न. घनाचा एक कोपरा आणि त्याच्या बरोबर समोरचा, सर्वांत लांबचा कोपरा जोडणारी रेषा घ्या. तिच्या मध्यातून, तिला काटकोनात घन कापला तर छेद कोणत्या आकाराचा? त्रिकोण? चौकोन? उत्तर आहे षटकोन! पटत नसेल तर बटाट्याचा घन करून कापून बघा. सरावाची सुरुवात तिथूनच होईल.