सायलेन्सरआधीची पेटी

बंगळूर १६३८ साली शहाजीराजांच्या जहागिरीत आले. छत्रपतींचे नाव मिरविणारे आजचे शिवाजीनगर मात्र पुढे ब्रिटिशांच्या लष्करी छावणीच्या अंगाने वाढले. रसेल मार्केटचा भाजीबाजार आणि जुन्या वाहनांचे सुटे भाग या दोन गोष्टींसाठी हा भाग ओळखला जातो. भंगाराच्या दुकानाला तेथे ‘गुजरी’ म्हणतात. कोल्हापूरकराला ‘गुजरी’ म्हटले की सराफांची पेठ आठवते. धुराच्या नळीत बसविलेल्या ज्या पेटीचा येथे विचार करावयाचा आहे, तिच्यापुरते या दोन अर्थांत फारसे अंतर नाही. कारण तिच्या पोटात प्लॅटिनम आणि पॅलेडियम हे मौल्यवान धातू असतात.

या पेटीला उत्प्रेरक-परिवर्तक, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असे म्हणतात. स्वतः न बदलता रासायनिक क्रिया घडवून आणतो तो उत्प्रेरक. दोन घरांची सोयरीक जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखा. पेटीच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा चिनी मातीच्या जातीचा ठोकळा असतो. त्यात दर चौरस इंचाला सुमारे चारशे बारीक नळ्या असू शकतात आणि त्यांच्या भिंतींवर मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. तापलेला धूर त्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे कार्बन डायऑक्साइडमध्ये, तर अर्धवट जळालेल्या इंधनाचे पाणी व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. पेट्रोलच्या गाडीत नायट्रोजनची ऑक्साइडेही याच पेटीत निवळतात. डिझेलच्या धुरात प्राणवायू जास्त असल्याने तेथे ते साधत नाही. त्यासाठी निराळी योजना करावी लागते.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ही पेटी सक्तीची झाली. तिच्याबरोबरच शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, कारण शिशाचा लेप बसला की उत्प्रेरक निकामी होतो. जुन्या मालमोटारींना ती नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये भारत स्टेज ४ हे मानक देशभर लागू झाल्यावर विकल्या गेलेल्या पुष्कळ डिझेल ट्रकांत ती आढळते. २०२० च्या भारत स्टेज ६ मध्ये तिच्या जोडीला आणखी साधने आली. आता जुन्या होऊ लागलेल्या स्टेज ४ च्या ट्रकांना हा दुखणाईतपणा अधिक जाणवतो.

तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. रिकामी गाडी बरी चालते. माल भरला की चढावर दम सोडते, डिझेल जास्त पिते. चालकाला वाटते इंजिन गेले. परंतु पोळ्याच्या नळ्या काजळीने बुजल्या, की धुराला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि इंजिन गुदमरते. मात्र हीच लक्षणे तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज किंवा बिघडलेला इंजेक्टर यांचीही असतात. म्हणून शहाणा मेकॅनिक आधी ही स्वस्त कारणे तपासतो आणि मगच महागड्या पेटीला हात घालतो.

पेटीची परीक्षा अनेक रीतींनी होते. गार झालेल्या पेटीवर रबरी हातोडीने हलकेच ठोकावे. आत खुळखुळ वाजले तर पोळे फुटले आहे. पेटीच्या पुढील बाजूस दाबमापक जोडून, इंजिनाची गती वाढविल्यावर धुराचा उलटा दाब किती चढतो ते पाहावे व उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडावे. गाडी काही अंतर भाराने चालवून आणल्यावर पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान दुरून मोजता येते. आत क्रिया चालू असेल, तर बाहेरचे टोक सामान्यतः अधिक तापलेले आढळते. नुसत्या आयडलवर डिझेलचा धूर इतका थंड असतो की ही परीक्षा फसते. उत्प्रेरक साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो. शेवटची खात्री पेटी उतरवून, तिच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकूनच होते.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. पेटी आपणहून क्वचितच मरते. ठिबकणारा इंजेक्टर तिला काजळीने भरतो, टर्बोतून गळणारे तेल तिच्यावर राख चढवते, हेड गॅस्केटमधून आलेले कूलंट तिला लेप देते. मूळ रोग तसाच ठेवून नवी पेटी बसविली, तर काही महिन्यांत तीही त्याच वाटेने जाते आणि मालकाचे हजारो रुपये धुरात जातात.

म्हणूनच एक आडवाट सुचविली जाते : पोळे फोडून काढा, रिकामे डबडे परत बसवा. गाडी पळू लागते. डिझेल वाहनाच्या पीयूसी तपासणीत धुराची गडदता मोजली जाते, कार्बन मोनॉक्साइड नव्हे. त्यामुळे असे डबडे कदाचित उत्तीर्णही होते. पण कायद्याने ते चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा कैद होऊ शकते. शिवाय पहाटे बाजारात ट्रक चालू ठेवून माल उतरविताना तो वायू सर्वांत आधी हमाल आणि चालकाच्याच छातीत जातो. जुन्या बाजारात पेटी घेताना ती हातात तोलून व आत डोकावून पाहावे, ते यासाठीच. रिकामी पेटी बाहेरून भरल्यासारखीच दिसते.

बदलण्याचे काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. गाडी पूर्ण गार होऊ द्यावी, बॅटरीची ऋण तार काढावी, चाकांना उटी लावावी. गाडी उचलावी लागल्यास केवळ जॅकवर विसंबून खाली शिरू नये. भक्कम आधार द्यावेत. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडविणारे तेल टाकून ठेवले तर निम्मी लढाई जिंकली जाते. तापमान किंवा दाबाचे सेन्सर असतील तर ते आधी अलगद सोडवावेत. नव्या पेटीवर धुराच्या प्रवाहाची दिशा दाखविणारा बाण असतो, तो मागच्या बाजूकडे असावा. गॅस्केट नवेच वापरावे. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावून, नळी नीट ओळीत आली की मगच पान्याने आवळावेत.

इंजिन सुरू करून सांध्यांतून फुसफुस येते का ते ऐकावे. एक फेरी मारून, गार झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत. उतरविलेली पेटी मात्र गॅरेजात कापू नये. पोळ्याभोवतीच्या तंतूंची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ती अखंडच पावती घेऊन विकावी. गुजरीतला दुकानदार तिच्यातील धातूंची किंमत ओळखून असतो. विकणाऱ्यालाही ती ठाऊक असली, तर नव्या पेटीच्या खर्चातला थोडा भाग तेथेच परत मिळतो.