वाचनातील चूक आणि बोलीतील भेद

प्राथमिक शाळेतील मुलाचे वाचन प्रमाणित कसोटीने मोजले म्हणजे हाती येतो तो एक अंक. हा अंक इयत्तेच्या परिभाषेत सांगण्याची प्रथा अमेरिकेत दीर्घकाळ रूढ होती. पाचवीतील अमुक मुलाचे वाचन ‘तिसरीच्या पातळीचे’ आहे, असे म्हटले जाई. ही तिसरीची पातळी म्हणजे कोणा तज्ज्ञाने ठरविलेला आदर्श नव्हे. कसोटी प्रमाणित करताना ती ज्या मुलांच्या समूहावर वापरून पाहिली, त्यांपैकी तिसरीच्या मुलांचा तो मध्यांक होय. त्या समूहातील सुमारे निम्मी मुले व्याख्येनेच आपल्या इयत्तेच्या पातळीखाली राहतात, ही साधी गोष्टही पालकांना क्वचितच समजावून सांगितली जाते. तथापि भाषाशास्त्राच्या दृष्टीने याहून मूलभूत प्रश्न निराळा आहे. ज्या चुका मोजून हा अंक सिद्ध होतो, त्यांपैकी प्रत्येक चूक वाचनाचीच असते काय? मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या विद्यापीठनगरीत हा प्रश्न थेट न्यायालयापर्यंत गेला.

तेथील मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर प्राथमिक शाळेतील बहुसंख्य मुले गौरवर्णीय व सुस्थितीतील घरांतून येत. जवळच्या एका अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतीतील काही कृष्णवर्णीय मुलेही याच शाळेत होती आणि ती वाचनात सातत्याने मागे पडत. त्यांपैकी काहींना अध्ययन-अक्षम, तर काहींना भावनिक दृष्ट्या बाधित ठरविण्यात आले होते. काहींना वाग्दोषाच्या उपचारासाठी धाडले जाई. १९७७ साली या मुलांच्या वतीने शाळामंडळावर दावा लावण्यात आला. गरिबी व सांस्कृतिक भिन्नता यांवर आधारलेले बहुतेक मुद्दे न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी आरंभीच वगळले. उरला तो एकच मुद्दा. समान शिक्षणसंधीविषयक १९७४ च्या कायद्यान्वये, समान सहभागाच्या आड येणारे भाषेचे अडसर दूर करण्यासाठी योग्य उपाय योजणे शाळेवर बंधनकारक होते. ते बंधन तिने पाळले होते काय, एवढेच ठरवावयाचे होते. प्रत्यक्ष सुनावणीच्या वेळी वादी मुले ११ होती.

ही मुले घरी जी इंग्रजी बोलत ती अशुद्ध इंग्रजी नव्हे, तर स्वतःचे नियम असलेली बोली आहे, अशी साक्ष जिनीव्हा स्मिदरमन, विल्यम लबोव्ह प्रभृती भाषाशास्त्रज्ञांनी दिली. या बोलीत शब्दान्तीचा ‘थ’ पुष्कळदा ‘फ’ होतो. त्यामुळे मृत्यू या अर्थाचा ‘डेथ’ आणि बहिरा या अर्थाचा ‘डेफ’ हे शब्द उच्चारात एकरूप होतात. आता १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या वेपमन यांच्या श्रवणभेद-कसोटीसारखी एखादी कसोटी घ्यावी. तीत परीक्षक दोन शब्द उच्चारतो व ते एकच की निराळे, एवढे मुलाने सांगावयाचे असते. अशा जोडीला मुलाने ‘एकच’ म्हटले, तर ऐकण्यात दोष आहे अशी नोंद होण्याचा संभव असतो. मराठी वाचकास याची कल्पना सहज येईल. ज्या मुलाच्या बोलीत ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद नाही, त्यास ‘मन’ व ‘मण’ हे शब्द ऐकवून हाच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर प्रमाणभाषेच्या हिशेबी चूक ठरेल. पण कानांत दोष कोणता?

एवढ्यावरून सर्वच चुका बोलीच्या खाती टाकाव्यात, असे मात्र नाही. किंबहुना लबोव्ह यांनी १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात केलेल्या कामाचे खरे मोल येथेच आहे. इंग्रजी क्रियापदाच्या अन्ती येणारी ई व डी ही अक्षरे भूतकाळ दर्शवितात. लेखी ‘पास्ड’चा प्रत्यक्ष उच्चार ‘पास्ट’, आणि शब्दान्तीचे जोडव्यंजन सैल करणाऱ्या या बोलीत तो ‘पास’ असा ऐकू येतो. मूल मोठ्याने वाचताना ‘पास’ म्हणाले, तर त्याने भूतकाळ ओळखूनही आपल्या बोलीप्रमाणे उच्चार केला, की प्रत्ययाचा अर्थच त्यास लागला नाही? कानाने याचा निर्णय होत नाही. लबोव्ह यांनी त्यासाठी ‘रीड’ हे क्रियापद निवडले. त्याचे लेखन दोन्ही काळी एकच, पण भूतकाळी उच्चार ‘रेड’ असा होतो. ‘गेल्या महिन्यात’ अशा अर्थाचे शब्द वाक्यात असले, की मुले बहुधा अचूक ‘रेड’ वाचत. परंतु भूतकाळाची खूण केवळ आधीच्या क्रियापदाच्या ई-डी या प्रत्ययात असली, तर त्यांचे यश बरेच उणावे. म्हणजे भूतकाळाची जाण त्यांना पुरेपूर होती. कागदावरची ती विशिष्ट खूण मात्र काही मुलांना खरोखरच वाचता येत नव्हती.

येथे उपचार दोन आणि परस्परभिन्न आहेत. ज्या मुलास अर्थ लागला आहे, त्याचा उच्चार वाचनाच्या तासाला दुरुस्त करीत बसणे निष्फळ होय. ज्यास लागला नाही, त्यास ‘पास्ट’ असे दहा वेळा म्हणावयास लावूनही उपयोग नाही; या अक्षरांचा अर्थ भूतकाळ आहे, हेच त्यास शिकविले पाहिजे. मराठी मुलाने छापील ‘सांगितले’ हा शब्द ‘सांगितलं’ असा वाचला, तर त्यास अर्थ लागल्याचेच ते चिन्ह असते. तरीही अक्षरनिष्ठ परीक्षक तेथे फुली मारू शकतो!

१२ जुलै १९७९ रोजी दिलेल्या निर्णयात जॉयनर यांनी बोलीलाच अडसर मानले नाही. शिक्षकांचे व मुलांचे बोलणे परस्परांस समजत होते, आणि प्रसंगानुरूप मुले प्रमाणभाषेकडेही वळत. अडसर उत्पन्न होत होता तो, शिक्षक ही बोली ओळखून वाचन शिकविताना तिचा विचार करीत नव्हते आणि नकळत तिला हीन लेखत होते, म्हणून. आपले बोलणेच चुकीचे ठरते असे दिसल्यावर मूल वाचनापासून मन काढून घेते, ही साक्ष न्यायालयास पटली. शिक्षकांना या बोलीचे ज्ञान करून देण्याची योजना ३० दिवसांत सादर करावी, असा आदेश झाला. शाळेत आता बोलीच शिकविणार, असा गवगवा वृत्तपत्रांतून झाला खरा. निर्णयात तसे काही नव्हते. प्रमाण इंग्रजीचे वाचन साध्य व्हावे, हेच त्याचे उद्दिष्ट होते.

मंडळाने अपील केले नाही. त्यामुळे वरिष्ठ न्यायालयात या तत्त्वाची परीक्षा होण्याचा प्रसंगच आला नाही. मान्य झालेली योजना शिक्षकांच्या काही तासांच्या प्रशिक्षणापुरती होती. ज्या कसोट्यांवरून मुलांची पातळी ठरे, त्यांची रचना मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिली. मुलाने केलेला उच्चार परीक्षकाने जसाच्या तसा लिहून ठेवला, तर वरील दोन प्रकारांच्या चुका पुष्कळ अंशी वेगळ्या काढता येतात. त्यास प्रत्येक मुलामागे थोडा अधिक वेळ आणि बोलीच्या नियमांची माहिती लागते. केवळ बरोबर-चूक अशा खुणा केलेल्या उत्तरपत्रिकेतून ही निवड मागाहून करता येत नाही.