पायांच्या ४९ जोड्या

डावीकडून मोजा, उजवीकडून मोजा, ४९च भरतात. “मग आता नाव सांगून टाक,” मी म्हणालो. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली मुलगी मान वर न करता म्हणाली, “काका, ४९वाल्या कितीतरी आहेत.”

रत्नागिरीकडच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला खेचून आणलं होतं ते या आकड्यांनीच. मातीत राहणाऱ्या या बारीक, आंधळ्या गोमांना जातीनुसार पायांच्या २७पासून १९१पर्यंत जोड्या असतात आणि एखादा विकृत नमुना सोडला तर संख्या नेहमी विषम. ५० जोड्यांची जातच नाही! अनेक कुळांत एकाच जातीत हा आकडा कमीजास्त होतो, माद्यांना बहुधा जास्त पाय असतात. मेसिस्टोसेफॅलस वंशात मात्र नर-मादी सारखेच आणि बहुतेक जातींत आकडा पक्का. काम सोपं व्हायला हवं होतं. पण खरी गोम इथेच आहे: तोच ४९ या वंशातल्या भारतातल्या पंक्टिफ्रॉन्स जातीचा आणि वेस्ट इंडीजच्या गिल्डिंगाय जातीचाही. जॉर्ज न्यूपोर्टने दोघींना १८४३मध्येच नावं दिली.

गोमा मिळवायच्या तर पालापाचोळा फनेलमध्ये घालून वर बल्ब लावायचा. उष्णतेला भिऊन खाली सरकलेलं सगळं स्पिरिटमध्ये पडतं. तो वास संध्याकाळपर्यंत माझ्या सदऱ्याला होता.

एक गोम चिमट्यात येताच तुटली. मला वाटलं, गेली. मुलीने शेपटीकडचा भाग बाजूला सारला आणि लांबट, तांबूस डोकं लॅक्टिक अ‍ॅसिडच्या थेंबात उताणं ठेवलं. हळूहळू ते काचेसारखं झालं. आता गालांच्या मागच्या भागावर केस आहेत का, कपाळपट्टीवरचे गुळगुळीत चट्टे केवढे, विषारी नख्यांच्या आतल्या बाजूला दात किती. मग पोटाकडच्या पट्ट्यांवरची उभी खाच: पुढे ती दुभंगते का, कुठल्या कोनात? दर उत्तरानंतर वहीत एक जात खोडली जात होती. तासभर हे पाहिल्यावर ४९चं कौतुक मला बालिश वाटू लागलं. ओळख पटवायची तर या अर्ध्या गोमेचं डोकं अख्ख्या पायांपेक्षा कामाचं होतं.

तरी दोन जाती उरल्याच. चिठ्ठीवर तिने फक्त वंशाचं नाव घातलं, पुढे प्रश्नचिन्ह. मला ते प्रश्नचिन्ह आवडलं. घाईने चिकटवलेल्या नावापेक्षा प्रामाणिक.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणीतरी न्हाणीघरातल्या गोमेचा फोटो पाठवून जात विचारली होती. फोटो पाठीकडून काढलेला. तिने उत्तर लिहिलं, “दादा, तोंड खालून दाखवा.”