खुर्ची, उंबरा आणि रोलर कोस्टर

बारा मिलिमीटर म्हणजे जेमतेम करंगळीची जाडी. थीम पार्कमध्ये राइडच्या फलाटाशी एवढा उंबरा असला, तर चालत येणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. व्हीलचेअर मात्र तिथे खाडकन अडते. नेहमीच्या व्हीलचेअरची पुढची चाकं साधारण पाच इंच व्यासाची असतात, मागची चोवीस इंच. गणित मांडून पाहिलं तर हा उंबरा चढायला छोट्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या जवळजवळ पाऊणपट जोर आडवा लावावा लागतो. मोठ्या चाकाचं तीस टक्क्यांच्या आत भागतं. म्हणून जाणती माणसं अशा जागी खुर्ची फिरवतात आणि मोठी चाकं आधी चढवून ती उलटी ओढून घेतात.

चढाचंही तसंच. माणूस आणि खुर्ची मिळून नव्वद किलो धरू. गुळगुळीत, सपाट काँक्रीटवर ही खुर्ची चालती ठेवायला किलो-दीड किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो. बारा फुटांत एक फूट असा, नियमात बसणारा चढ लागला की त्यात आणखी साडेसात किलोंची भर पडते. वीस फुटांत एक फूट चढ ठेवला तर ही भर साडेचार किलोंवर येते. दिवसभर हा जोर पेलायचा कोणी? खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यांनी, नाहीतर मागून ढकलणाऱ्या पोराने. रांगेचा रस्ता आखणाऱ्याने कागदावर लांबी वाढवली की हा जोर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो.

राइडच्या दाराशी खरी परीक्षा असते. खुर्चीतून आसनावर सरकताना सगळं शरीर दोन हातांवर तोलावं लागतं. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार बहुतेक नव्या राइड्सवर तीनपैकी एक सोय हवीच: खुर्चीसकट आत जाण्याची जागा, सरकून बसता येईल असं आसन, किंवा माणसाला उचलून बसवणारं साधन. सरकून बसायच्या आसनाची उंची फलाटापासून १४ ते २४ इंच असावी, असंही त्यात लिहिलं आहे. या आकड्यांमागचं कारण सरळ आहे. खुर्चीपेक्षा अर्धा फूट खालच्या आसनावर उतरणं जमून जातं. परतताना स्वतःचं वजन तेवढंच वर उचलायचं म्हणजे कठीण काम.

मग खुर्चीसकटच रोलर कोस्टरवर का नेत नाहीत? इथे भौतिकशास्त्र आडवं येतं, आणि ते गांभीर्याने घ्यायलाच हवं. टेकाडाच्या माथ्यावर गाडी झपकन खाली वळते, पण शरीर जडत्वामुळे आधीच्याच दिशेने वर जाऊ पाहतं. त्याला धरून ठेवतो तो मांड्यांवर येणारा आडवा दांडा. पण दांड्याच्या पुढे मांड्या आणि गुडघे आहेत, हे त्या रचनेने गृहीतच धरलेलं असतं. जुलै २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेक पार्कमध्ये इराक युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक अशाच राइडवरून बाहेर फेकला गेला आणि दगावला. मज्जारज्जूला इजा झालेल्यांचा प्रश्न वेगळा: वळणावर धड सावरणारे स्नायूच साथ देत नाहीत. तेव्हा काही राइड्सवरची बंदी योग्यच आहे. पण ती त्या दांड्याची मर्यादा म्हणून सांगावी, पाहुण्याचं व्यंग म्हणून नव्हे. दांडा बदलता येतो.

रचना बदलली की काय होतं, ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत दिसतं. घरबांधणीच्या व्यवसायातून बाहेर पडलेल्या गॉर्डन हार्टमन यांनी दिव्यांग मुलगी मॉर्गन हिच्या नावाने २०१० मध्ये तिथल्या एका जुन्या खाणीच्या जागेवर ‘मॉर्गन्स वंडरलँड’ उभं केलं. तिथल्या मेरी-गो-राउंडमध्ये घोड्यांच्या जोडीला असे रथ आहेत, की ज्यांत व्हीलचेअर सरळ आत जाते आणि घोड्यांबरोबर वर-खाली होते. दिव्यांगांना प्रवेशशुल्क नाही.

२०१७ मध्ये शेजारी पाण्याचं पार्क झालं आणि नवी अडचण आली. विजेवर चालणारी खुर्ची अनेकदा शंभर किलोंच्या पुढे जाते, आणि तिच्या मोटारीला, बॅटरीला पाणी सोसत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर बॅटरीच काढून टाकली. त्यांच्या ‘न्यूचेअर’मध्ये टाक्यांत दाबून भरलेली हवा असते. ती प्रसरण पावताना मोटार फिरवते. वीज नाहीच, त्यामुळे खुर्ची खुशाल भिजली तरी चालते. वजन सुमारे ३६ किलो, आणि हवा भरायला दहा मिनिटं. त्याच वजनाच्या बॅटरीपेक्षा दाबलेल्या हवेत ऊर्जा फारच कमी मावते, म्हणून ही खुर्ची लांब पल्ल्याची नाही. पार्काच्या आवारात, हवा भरण्याची सोय हाताशी असताना, त्याने काही अडत नाही. गरजेपुरतं आणि नेमकं, असं हे तंत्रज्ञान मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. तेव्हा सुट्टीत आजीला किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या भावंडाला घेऊन पार्कमध्ये जाणार असाल, तर तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा: आसनाची उंची किती, फलाटाशी उंबरा किंवा फट किती, आणि राइड मध्येच बंद पडली तर चालू न शकणाऱ्याला खाली कसं आणणार? ‘आमची माणसं उचलून नेतील’ एवढ्यावर फोन ठेवू नका. उत्तर सेंटिमीटरमध्ये मागा.